काठावरचं वजन

१४ सप्टेंबर, रविवार

ही वही ममतानं आणून दिली. "जे काय बोलायचंय ते हिच्यात बोल, आम्हाला जरा सुट्टी दे," म्हणाली. बायको नर्स असली की असं होतं, प्रत्येक गोष्टीवर पट्टी बांधायला बघते. ठीक आहे. लिहितो.

पहिल्या पानावर नाव लिहायला जागा आहे. धैर्यशील कानडे. इथे, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, सगळे डॅन म्हणतात. आई म्हणते, नाव धैर्यशील ठेवलं आणि धीर तेवढा घालायचा राहिला. आई ऑगस्टमध्ये पुण्याहून आली, सहा महिन्यांसाठी. ती आली त्याच आठवड्यात कंपनीनं 'रिस्ट्रक्चरिंग' केलं. मॅनेजरनं मला आत बोलावलं आणि स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. इतक्या वर्षांत त्यानं कधी पाण्याला विचारलं नव्हतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आता मी घरी असतो, गॅरेजमध्ये.

गॅरेजमध्ये आमच्या मुलीची, सिद्धीची रेसची गाडी आहे. फॉर्म्युला फर्स्ट म्हटलं की पुण्याचे नातेवाईक "अरे बापरे, टीव्हीवरची?" म्हणतात. टीव्हीवरची कसली! नळ्यांची चौकट, वर फायबरचं टरफल, एकाच माणसापुरती जागा, आणि मागे जुन्या बीटलचं बाराशे सीसीचं इंजिन. गिअरबॉक्स बीटलचा, पुढच्या चाकांचा सांगाडाही बीटलचाच. चिंचवडला आमच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे तसली बीटल होती, तिला आम्ही बेडूक म्हणायचो. साठच्या दशकात अमेरिकेत कुणाच्या तरी डोक्यात आलं की या बेडकाचं सामान काढून रेसची स्वस्त गाडी करावी, म्हणजे गरिबाच्या पोरालाही शर्यत शिकता येईल. तिथून ती जगभर गेली. इथेही आली, तेव्हा फॉर्म्युला व्ही म्हणायचे. आमची गाडी ग्रॅहम नावाच्या इथल्या म्हाताऱ्यानं ऐंशीच्या दशकात स्वतःच्या शेडमध्ये बांधली. त्याची कंबर गेली म्हणून आम्हाला विकली, आणि अजून दर रेसला येऊन तिच्याकडे सासरी दिलेल्या मुलीसारखा बघत उभा राहतो.

सिद्धी सतरा वर्षांची आहे. दोन सीझन चालवतेय, पाचव्याच्या वर आली नाही. फेब्रुवारीत ती डनीडनला युनिव्हर्सिटीत जाणार. म्हणजे हा शेवटचा उन्हाळा. मला तिला एकदा, फक्त एकदा, पहिल्या तिघांत उभी असलेली बघायचंय. या वर्षी माझ्या हातून एक तरी गोष्ट धड व्हायला हवी.


५ ऑक्टोबर, रविवार

आज वजन केलं. या क्लासमध्ये सगळ्यांची इंजिनं सारखी, ताकद स्कूटरपेक्षा थोडी जास्त. मग फरक कशानं पडतो? वजनानं. गाडी आणि ड्रायव्हर मिळून अमुक एवढं वजन भरलंच पाहिजे असा नियम आहे. त्याहून कमी चालत नाही, जास्त असलं तर तुमचं नशीब. आमची गाडी नेहमी जास्त भरायची, कारण ग्रॅहमनं सीटखाली शिशाची जाड पट्टी बसवली होती. सिद्धी सुरुवातीला अगदीच काडी होती तेव्हाची. आता पोरगी वाढली, पट्टी कशाला? काढली. सिद्धीला हेल्मेटसकट बसवून काट्यावर घेतलं. नियमापेक्षा अर्धा किलो वर. बरोब्बर काठावर! चिंचवडच्या कारखान्यात माझ्या हाताखालून एक ग्रॅम फुकट जायचा नाही.

ग्रॅहम आला होता. "बिट टाइट, डॅन," म्हणाला. मी म्हटलं, टाइटच करायचंय.

बोल्ट आवळताना सिद्धीनं पाना फायबरवर पाडला. टवका उडाला. मी ओरडलो नाही, मोठ्यानं सांगितलं. लक्ष कुठे असतं, दोन हात दिलेत कशाला, वगैरे. ती "सॉरी बाबा" म्हणाली आणि आत गेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. मग मी एकटाच आवळत बसलो. आजकालच्या मुलांना एक शब्द सहन होत नाही.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

रोलस्टनच्या कंपनीतल्या इंटरव्ह्यूचा निकाल आला. 'ओव्हरक्वालिफाइड.' म्हणजे जास्त शहाणे आहात, घरी बसा. पंचविशीतला एक पोरगा मला विचारत होता की टीममध्ये मतभेद झाले तर तुम्ही काय करता? मी म्हटलं, मतभेद होत नाहीत, मी सांगतो. त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

रात्री जेवायला सिद्धी नाही. "आय एट अ‍ॅट स्कूल." शाळेत काय खाल्लं रात्रीचं? मी विचारायला लागलो तर आईच मध्ये पडली, "राहू दे रे, भूक नसेल." हिला बरी नातीची भूक कळते! दोघींचं हल्ली काहीतरी गुळपीठ चाललंय. दार लावून बसतात. मी आत गेलो की गप्प. आईनं मायक्रोवेव्हवर गणपती मांडलाय, त्याच्यासमोर मी परवा सिद्धीला हात जोडून उभी बघितली. अर्धवट मराठी पोरगी, पण परीक्षा जवळ आली की देव सगळ्यांनाच आठवतो.

मी टेबलावर हात आपटला तेव्हा वरणाची वाटी सांडली. ममता पुसत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.


१९ ऑक्टोबर, रविवार

पहिली रेस, रुआपुनाच्या ट्रॅकवर. आमच्या हॉर्नबीहून जवळ, म्हणजे राग निवायलाही रस्ता पुरत नाही. सहावी. सहावी! चौथी होती, शेवटच्या फेरीत एका वळणावर चाक गवतात घातलं आणि दोघे पुढे गेले.

मी काय चुकलं ते समजावून सांगत होतो. ट्रेलरला गाडी बांधताना सांगितलं, रस्त्यात सांगितलं, घरी येऊन कागदावर वळण काढून सांगितलं. तिनं कानात ते इअरफोनचं बोंड घातलेलं. मी ते ओढून काढलं. आई म्हणाली, "अरे, ती जिवंत आली घरी, एवढं पुरे नाही का?" आईला रेसमधलं काय कळतं.

एक मात्र खरं, सरळ रस्त्यावर गाडी पळते. शिसं काढल्याचा फायदा दिसला. हे मी सिद्धीला सांगितलं नाही, डोक्यात जाईल.

परवा दिवाळी. आईनं चकल्या केल्यात, थोड्या मऊ पडल्या. इथलं पीठच तसं. मी तसं म्हटलं तर आईनं डबा बंद करून वर ठेवला.


२ नोव्हेंबर, रविवार

आणखी दोन नकार. एका ठिकाणी तर माझं नाव 'डायशील' लिहिलं होतं. हे लोक वाचतात तरी का?

सिद्धीचा रेस सूट खांद्यावर ढगळ दिसतो. ममता म्हणाली, "बारीक झालीय ती." मी म्हटलं, इथल्या पोरींचं बघून डाएट करत असेल. ममतानं सूट घडी घालून ठेवला. म्हणाली, "धैर्यशील, तू शेवटचं तिच्याशी गाडी सोडून कशाबद्दल बोललास?" आता हा काय प्रश्न झाला? गाडीबद्दल बोलतो म्हणजे तिच्याबद्दलच बोलतो ना. ममता नाइट शिफ्ट वाढवून घेतेय. मला वाटतं पैशांसाठी.


८ नोव्हेंबर, शनिवार

क्वालिफायिंगमध्ये तिसरी! तिसरी! आनंदानं मी ग्रॅहमला मिठी मारली, बिचाऱ्याची कंबर वाजली. उद्या रेसला तिसऱ्या जागेवरून निघणार. सिद्धीसुद्धा हसली. कितीतरी दिवसांनी दात दिसले पोरीचे.

पण हट्टी किती! दुपारी सगळे 'पाय', म्हणजे इथले भरलेले पॅटिस, खात होते, मी तिच्यासाठी चीजचा आणला, तर "नो थँक्स, जस्ट वॉटर." उन्हात, त्या जाड सूटमध्ये, नुसत्या पाण्यावर. मी म्हटलं, हे डाएटचं खूळ रेसनंतर करा.

घरी आलो तर आई पुण्याला फोनवर मधूमावशीला विचारत होती, चंद्र कितीला उगवतोय म्हणून. आईला इथे येऊनही सगळं पुण्याचंच लागतं, चंद्रसुद्धा. मी हसलो. आई म्हणाली, "तू झोप आपला."


९ नोव्हेंबर, रविवार

तिसरी आली. शेवटच्या फेरीत मागच्यानं दोनदा गाडीचं नाक घुसवलं, पोरीनं वाट दिली नाही. मी कुंपणाला धरून लहान मुलासारखा उड्या मारत होतो. ग्रॅहमच्या डोळ्यांत पाणी. त्याची जुनी गाडी कितीतरी वर्षांनी तिसरी आली होती.

मग काट्यावर घेतली. सहाशे ग्रॅम कमी.

मी म्हटलं काटा चुकीचा आहे. त्यांनी पुन्हा वजन केलं. मी म्हटलं जमीन उतरती आहे. काट्यावरच्या बाईंनी शांतपणे पाणसळ आणून लावून दाखवली. पुन्हा सहाशे ग्रॅम. नियम म्हणजे नियम. सिद्धीचं नाव निकालातून खोडलं, चौथ्याला वर घेतलं, आणि त्याला पोडियमवर उभा करून फोटोही काढले.

मग मी सिद्धीला बोललो. तिथेच, सगळ्यांसमोर. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. आरशासमोर उभं राहण्यासाठी बापाची मेहनत मातीत घातलीस, एवढं आठवतंय. मराठीत बोललो, तरी तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. ग्रॅहम म्हणाला, "ईझी, डॅन. ईझी." सिद्धी रडली नाही. रडायला हवं होतं. तिनं हातमोजे काढले, नीट एकावर एक ठेवले आणि म्हणाली, "कॅन वुई गो होम नाऊ?"


१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गाडी एकटीच काट्यावर घेतली. जेवढी होती तेवढीच आहे. म्हणजे माझं गणित बरोबर होतं. चूक ड्रायव्हरची. मी बाथरूममधला काटा उचलला आणि सिद्धीच्या खोलीत घेऊन गेलो. "ये, उभी राहा."

तेव्हा आई मध्ये आली. आई पंचाहत्तरची आहे, दारात उभी राहिली तर कुणाची टाप नाही. म्हणाली, "ठेव तो काटा खाली. पोरगी उपास करतेय. सप्टेंबरपासून. दर मंगळवार आणि संकष्टी. तुझ्यासाठी करतेय, गाढवा!"

मी तिथेच पलंगावर बसलो. सिद्धी मान खाली घालून नखं खात होती.

मग एकेक बाहेर आलं. शनिवारी संकष्टी होती. चंद्र उगवल्यावर सोडायची. इथला चंद्र बाराच्या सुमाराला उगवला असता, चार घास पोटात गेले असते. पण नाही! आईच्या मते चंद्र पुण्याचा. तो इथल्या पहाटे चारला. पोरगी गजर लावून झोपली, गजर झाला नाही, सकाळी घाईत अर्धं केळं खाल्लं आणि तशीच रेसला आली.

मी आईला म्हटलं, "अगं, चंद्र एकच आहे ना?"

"एकच आहे."

"मग इथला का नको?"

"इथे तो उलटा दिसतो," आई म्हणाली. "मी पाहिलाय. उलट्या चंद्राला का नैवेद्य दाखवू?"

खरं म्हणजे दिसतो उलटाच.

गॅरेजमध्ये जाऊन रडलो. माझी पोरगी, जिला धड आरती येत नाही, ती माझ्या नोकरीसाठी उपाशी राहते. आणि मी तिला काय काय बोललो. संध्याकाळी तिच्या खोलीत जाऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." लगेच म्हणाली, जणू हे वाक्य तयारच ठेवलं होतं.


२९ नोव्हेंबर, शनिवार

शिसं परत बसवलं. ग्रॅहमनं पट्टी टाकून दिली नव्हती, जपून ठेवली होती. "थॉट यू माइट वॉन्ट इट." मी मुद्दाम थोडं जास्तच घातलं, कारण पुढची रेस नेमकी संकष्टीलाच आहे. उपास सोड असं म्हणून बघितलं, ऐकेना. आता माझ्यासाठीच करतेय म्हटल्यावर मी जोरही करू शकत नाही. पण प्रत्येक जास्तीचा किलो माझ्या छातीवर बसलाय. असल्या गाडीला डोंगराएवढा वाटतो तो.

चंद्राचं तेवढं ठरवलं. आईशी तीन दिवस भांडलो. शेवटी मधूमावशीनं पुण्यातल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, जिथे माणूस, तिथला चंद्र. आई अजून फुगून बसलीय. म्हणते, गुरुजींना कुठे माहितीय तो उलटा आहे ते.


७ डिसेंबर, रविवार

सातवी.

मी ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. पिटमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे, तोंडात च्युइंगम घालून उभा होतो, तेवढ्यासाठीच. पण तिसऱ्या फेरीत तिनं गिअर चुकवला. बीटलचा गिअरबॉक्स आहे, मायेनं टाकावा लागतो, शंभरदा सांगितलंय. रेस संपल्यावर मी फक्त गिअरबद्दल बोललो. वजनाबद्दल नाही, उपासाबद्दल नाही. माझ्या हिशेबानं मी खूप आवरलं. तरी बाजूच्या पिटमधल्या बाईनं आपल्या मुलाला आत नेलं.

येताना गाडीत सिद्धी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, "भूक लागली का?" तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.


१८ डिसेंबर, गुरुवार

नोकरी लागली!

इथेच हॉर्नबीत, ट्रेलर बनवणारी कंपनी आहे. बारा जानेवारीला हजर व्हायचं. पगार आधीपेक्षा कमी, पण मालक म्हातारा आणि सरळ. त्यानं मतभेदांबद्दल काही विचारलं नाही, वेल्डिंगचे दोन सांधे दाखवले आणि यात काय चुकलंय म्हणाला. मी सांगितलं. तो म्हणाला, "यू'ल डू."

घरी येऊन मी सिद्धीला उचलायचंच बाकी ठेवलं. "पावला गं तुझा गणपती! आता सोड तो उपास!" ती म्हणाली, "कंग्रॅट्स, बाबा. दॅट्स ऑसम." आणि खरंच हसली, पण पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. ममतानं केक आणला. छान संध्याकाळ झाली. फक्त ममतानं गाडी ट्रेलरच्या इतकी जवळ लावली होती की मागचा दिवा फुटता फुटता राहिला, त्यावरून मला थोडं बोलावं लागलं. त्यानंतर केक कुणी फारसा खाल्ला नाही. मीच संपवला.


६ जानेवारी, मंगळवार

आज अंगारकी. मला आईनंच सांगितलं, नाहीतर माझ्या लक्षातही नव्हतं. सोमवारी नवी नोकरी सुरू, म्हणून मी सगळ्यांसाठी फिश अँड चिप्स आणले, सिद्धीला आवडतात तसे, वरून भरपूर मीठ. कागद उघडून टेबलावर पसरला. ममता आली, मी बसलो. सिद्धी पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी.

"बस ना."

"नॉट टुडे, बाबा."

"अगं, उपास? अजून? अगं, नोकरी लागली ना मला!" मी हसतच म्हटलं. "देवाचं बिल दोनदा भरू नये."

आईनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली आणि परत आत घेतली. ममतानं हातातली चिप खाली ठेवली.

सिद्धी म्हणाली, "तुझ्या नोकरीसाठी नव्हता, बाबा."

मराठीत म्हणाली. इतक्या स्वच्छ मराठीत की मी आधी शब्दच ऐकत राहिलो.

"मग कशासाठी?"

ती ग्लासाकडे बघत होती. "तू ओरडू नयेस म्हणून."

मला रागाची वाट बघायची सवय आहे, तो येतो आणि मग मी बोलतो. आज आला नाही. लाज वाटली. सप्टेंबरपासून ती दर मंगळवारी उपाशी राहिली, आणि प्रत्येक मंगळवारी मी ओरडलोच असणार. मंगळवार कुठला आणि बुधवार कुठला, मला काय माहीत.

मी विचारलं, "किती दिवस करणार आहेस?"

तिनं खरोखर विचार करून उत्तर दिलं. चिडून नाही, टोमणाही नाही. "फेब्रुवारीपर्यंत," म्हणाली. "मग मी डनीडनला जाणार ना. मग नाही करावा लागणार."

मी तोंड उघडलं. काय बाहेर पडेल याची खात्री नव्हती, म्हणून परत मिटलं.